कॅलरींचा हिशेब आठवड्याने मांडावा का?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा आहे. वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो, घरात चार माणसे आणि ठाण्याहून मुंबईला जाऊन-येऊन करायची बैठ्या कामाची नोकरी. मोबाइलवरच्या ॲपने तुम्हाला दिवसाला १४०० कॅलरी ठरवून दिल्या आहेत. सोमवार ते शुक्रवार तुम्ही त्या काटेकोरपणे पाळता. शनिवारी कोणाकडे तरी जाणे किंवा बाहेर खाणे होते, रविवारी घरी मटण असते, ॲपवरचा आकडा दुपारीच लाल होतो आणि मग ‘आजचा दिवस गेलाच’ असे वाटून संध्याकाळी कसलाच धरबंध राहत नाही. गुरुवारी उपवास असतो. तीन महिन्यांत वजन जागचे हललेले नाही. दिवसाऐवजी आठवड्याचा हिशेब ठेवला तर चालेल का, की ती स्वतःचीच फसवणूक होईल, असे तुम्ही विचारले आहे.

चालेल. वीस वर्षांहून अधिक काळ आहारसल्ल्याचे काम करताना माझे मत असे झाले आहे की, नोकरी, घर, पाहुणे आणि सणवार सांभाळणाऱ्या माणसाला आठवड्याचा हिशेबच जास्त खरा ठरतो. मात्र त्याला काही अटी आहेत. त्या पाळल्या नाहीत, तर हाच हिशेब पाच दिवस उपासमार आणि दोन दिवस सुटलेपणा यांना नियमाचे रूप देऊन बसतो. म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहे.

आधी तुमचे आकडे मांडू. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या मिफ्लिन–सेंट जॉर सूत्राप्रमाणे तुमच्या शरीराचा केवळ जिवंत राहण्याचा, म्हणजे पूर्ण विश्रांतीतला खर्च दिवसाला सुमारे १३०० कॅलरी येतो. बैठे काम आणि लोकलचा प्रवास धरून त्याला १.४ ने गुणले की सुमारे १८०० कॅलरी होतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली बैठे काम करणाऱ्या ५५ किलो वजनाच्या भारतीय स्त्रीसाठी १६६० कॅलरींची गरज सांगितली होती. तुमचे वजन तेरा किलोने अधिक आहे, तेव्हा १८०० हा आकडा वाजवी वाटतो. म्हणजे वजन आहे तिथेच ठेवायचे असेल, तर तुमच्या आठवड्याचा खर्च १२,६०० कॅलरींचा आहे.

आता जमेची बाजू पाहा. पाच दिवस १४०० प्रमाणे ७००० झाल्या. तुम्ही पाठवलेल्या नोंदींवरून शनिवार मला सुमारे २४०० चा आणि रविवार सुमारे २९०० चा वाटतो. बेरीज १२,३००. खर्च १२,६००. आठवड्याभराच्या सगळ्या निग्रहानंतर हाती उरलेली तूट ३०० कॅलरींची! एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी धरल्या, तर आठवड्याला जेमतेम ४० ग्रॅम आणि तीन महिन्यांत अर्धा किलो वजन उतरायला हवे. अर्धा किलो तर आदल्या रात्रीच्या लोणच्या-पापडानेही काट्यावर पुढे-मागे होतो. तुमच्या शरीरात काही बिघाड नाही आणि चयापचय ‘मंद’ झालेला नाही. शरीराने आठवड्याचा हिशेब अगदी चोख ठेवला आहे. फक्त ॲप रोज रात्री बारा वाजता पाटी पुसत होते आणि त्यामुळे सातपैकी पाच हिरवे दिवस तुम्हाला यशाचे वाटत होते.

शरीराला रात्रीचे बारा कळत नाहीत, ही या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट आहे. यकृत आणि स्नायू मिळून सुमारे अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, बाळगून असतात. ऊर्जेत मोजली तर ती जवळपास २००० कॅलरी भरते. जास्त खाल्लेल्या दिवशी ही कोठी भरते, कमी खाल्लेल्या दिवशी उपसली जाते, आणि चरबीचा साठा त्यामागे सावकाश हलतो. १९५५ साली ब्रिटनमध्ये एडहोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लष्करी कॅडेटांच्या खाण्याची आणि श्रमांची दोन आठवडे बारकाईने मोजणी केली. एकाच दिवसाचे खाणे आणि त्याच दिवसाचे श्रम यांचा मेळ त्यांना लागला नाही. पूर्ण काळाची सरासरी घेतली तेव्हा मात्र तो लागला. कवायतीच्या दिवशी मुले जास्त जेवत नव्हती, नंतरच्या दिवसांत भरून काढत होती. निरोगी शरीराची भूक अशी उशिरा आणि टप्प्याटप्प्याने हिशेब पुरा करते, तेव्हा आपणही हिशेबाचे एकक मोठे घेणे योग्यच आहे.

सोमवारी सकाळी काट्यावर दीड किलो वाढलेले पाहून तुम्ही घाबरता, असे तुम्ही लिहिले आहे, त्याचेही उत्तर याच कोठीत आहे. एक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर शरीर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठवते, आणि मिसळ, रस्सा, पापड यांतले मीठही आपल्या वाट्याचे पाणी धरून ठेवते. रविवारी तुम्ही गरजेपेक्षा ११०० कॅलरी जास्त खाल्ल्या असतील, तर त्यातून फार तर १४० ग्रॅम चरबी तयार होऊ शकते. बाकीचे वजन पाण्याचे असते आणि बुधवारपर्यंत निघून जाते. म्हणून सोमवारच्या काट्यावर विसंबून सोमवारी उपाशी राहणे, हा आठवड्यातला सर्वांत महाग निर्णय ठरतो. सोमवारची उपासमार मंगळवारी संध्याकाळी फरसाणाच्या डब्यावर उतरते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे.

आपल्याकडच्या घरांत वाराचा हिशेब मुळात आहेच, आणि म्हणूनच ही पद्धत मराठी माणसाच्या लवकर अंगवळणी पडते. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाची संकष्टी. बुधवार-शुक्रवार-रविवार सामिष, बाकीचे दिवस निरामिष. दुधाचा रतीब महिन्याच्या बोलीवर. आजी आज किती तेल लागले हे मोजत नसे, पण डबा किती दिवस पुरला हे तिला नेमके ठाऊक असे.

आता अटींकडे येते, आणि पहिल्याच अटीवर मला थोडे थांबायचे आहे, कारण बहुतेक लोक तिथेच घसरतात. आधी शिल्लक टाकायची, मग खर्च करायचा. शिल्लक टाकणे आणि उधारी फेडणे यांची बेरीज कागदावर एकच दिसते, पण माणसावर होणारा परिणाम अगदी वेगळा असतो. रविवारच्या जेवणासाठी सोमवारपासून रोज थोडे बाजूला ठेवलेले असेल, तर रविवारी तुम्ही स्वतःच्या हक्काचे खात असता. मन शांत असते, त्यामुळे हातही आवरता येतो. उलट रविवारी बेहिशेबी खाऊन सोमवार ते शुक्रवार ते फेडायचे ठरवले, तर प्रत्येक दिवस शिक्षेसारखा जातो, आणि शिक्षा भोगलेला माणूस शुक्रवारी रात्री स्वतःला बक्षीस देतोच. म्हणून तुमचा आठवडा सोमवारी सुरू होऊन रविवारी संपला पाहिजे. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण तुमच्या ॲपमध्ये आठवडा रविवारपासून मोजला जात असेल, तर खर्च आधी आणि बचत नंतर असा उलटा क्रम होतो. ज्यांच्या घरी मोठे जेवण गुरुवारी होते, त्यांनी शुक्रवारपासून आठवडा धरावा. मोठा दिवस शेवटी यावा, एवढेच पाहायचे.

दुसरी अट तळाची. कितीही शिल्लक टाकायची असली, तरी एका दिवसाचे खाणे विश्रांतीतल्या खर्चाखाली जाऊ देऊ नये, असा माझा दंडक आहे. तुमच्या बाबतीत तो आकडा १३०० चा. ॲपने सांगितल्याप्रमाणे आठवड्याला ९८०० चे लक्ष्य धरले आणि शनिवारी १७००, रविवारी २००० दिले, तर उरलेल्या पाच दिवसांना प्रत्येकी १२२० येतात. सकाळी साडेसहाला घर सोडून रात्री आठला परतणाऱ्या, येऊन पुन्हा ओट्यापाशी उभ्या राहणाऱ्या बाईने १२२० कॅलरींवर राहावे, असे मी सांगणार नाही. ते दोन आठवडे निभेल, तिसऱ्यात कोसळेल. तेव्हा लक्ष्यच सैल करू. आठवड्याला १०,५०० धरा. सोमवार ते शुक्रवार १३५० प्रमाणे ६७५०, शनिवारी १६५०, रविवारी २१००. तूट २१०० कॅलरींची, म्हणजे आठवड्याला सुमारे पाव किलो आणि महिन्याला एक किलोच्या आसपास. आकडा लहान वाटेल. पण गेल्या तीन महिन्यांत आठवड्याचे पाच दिवस काटेकोर राहूनही काहीच हाती लागलेले नाही, हेही ध्यानात घ्या.

तिसरी गोष्ट प्रथिनांची, आणि ती आठवड्यावर ढकलता येत नाही. साखर कोठीत जाते, चरबीला तर जागाच जागा आहे, पण प्रथिनांचे असे कोठार शरीरात नसते. ती रोजच्या रोज लागतात, आणि वजन उतरवताना ती कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. तुम्ही दिवसाला साठ ते पासष्ट ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे मी सांगेन, आणि ती १३५० च्या दिवशीही तेवढीच हवीत. रविवारी मटण भरपूर खाल्ले म्हणून सोमवार-मंगळवारी नुसत्या सॅलडवर भागवले, तर हिशेब कॅलरींचा जुळतो आणि शरीराचा बिघडतो. सकाळी दोन अंडी, डब्यात दोन पोळ्यांबरोबर वाटीभर मटकीची किंवा चवळीची उसळ आणि ताक, संध्याकाळी गाडीत मूठभर फुटाणे, रात्री घट्ट वरण, भाजी, पन्नास ग्रॅम पनीर किंवा माशाचा तुकडा आणि दोन फुलके, एवढ्याने ही गरज जवळपास भागते. कापायचे असेल तर तेल, साखर, फरसाण आणि भाताचा दुसरा वाढा यांतून कापा.

आता तुमचा रविवार जवळून पाहू, कारण मला त्यात फार शिकण्यासारखे दिसले. सकाळी मिसळ आणि दोन पाव, सुमारे ५५०. दुपारी मटणाचा रस्सा दोन वाट्या, तीन पोळ्या, थोडा भात, सुमारे १०००. चारच्या चहाबरोबर फरसाण, सुमारे ४००. रात्री ‘आता कोण स्वयंपाक करणार’ म्हणून बाहेरून पावभाजी, लोणी धरून ७५० च्या आसपास. उरलेले सकाळचा चहा आणि मिठाईचा एक तुकडा. तुम्ही दोष मटणाला दिला आहे, पण मटणाचे जेवण बेरजेच्या निम्मेही नाही. ते जेवण जसेच्या तसे ठेवा. तिघा-चौघांनी एकत्र बसून आठवड्यातून एकदा निवांत जेवावे, यासाठी तर हा सगळा खटाटोप. बदल त्याच्या आजूबाजूला करा: सकाळी पोह्यांची लहान ताटली आणि चहा, ३००, दुपारी तेच १०००, चारला चहा आणि एखादे फळ, १५०, रात्री भाकरी, भाजी, दही, ५००. हे झाले १९५०, आणि गोडासाठी १५० शिल्लक आहेत. मिसळ हवीच असेल, तर ती शनिवारी खा आणि त्या दिवशी रात्रीचे जेवण हलके ठेवा. सणाचे जेवण एक असावे. दिवसभर सण झाला की कोणताही हिशेब पुरत नाही.

रश्श्याबद्दल एक बारीक सूचना. मटण शिजल्यावर वर आलेला तवंग पाहुण्यांच्या वाटीत शोभतो, पण त्या लाल तेलाचा एक मोठा चमचा १२० कॅलरींहून जास्त असतो. रस्सा दहा मिनिटे निवू द्या, डाव तिरका धरून वरचे दोन-तीन चमचे तेल वाटीत काढा आणि ते सोमवारच्या भाजीच्या फोडणीला वापरा. चव जात नाही, कारण मसाल्याचा अर्क रश्श्यात उतरलेलाच असतो.

तेलाचा विषय निघालाच आहे, तर इथे आठवड्याचाही नव्हे, महिन्याचा हिशेब घाला. आज भाजीला किती चमचे तेल गेले, हे कोणतेच ॲप सांगू शकत नाही आणि आपणही अंदाजाने लिहितो तेव्हा हमखास कमी लिहितो. पण महिन्याला किती तेल संपले, हे किराण्याच्या यादीवरून अचूक कळते. तुमच्या घरी चौघांना पाच लिटर लागते असे तुम्ही लिहिले आहे. पाच लिटर म्हणजे साडेचार किलोच्या वर. चौघांत आणि तीस दिवसांत वाटले तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, ३४० कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेल्या २००० कॅलरींच्या आदर्श ताटात सगळे मिळून तेल-तूप २७ ग्रॅम आहे. पाचाचे साडेतीन लिटर केलेत, तर माणशी रोज सुमारे १०० आणि आठवड्याला ७०० कॅलरी वाचतात, म्हणजे तुम्हाला हव्या असलेल्या २१०० च्या तुटीचा एक तृतीयांश भाग एकही घास कमी न करता मिळतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला साडेतीन लिटर वेगळ्या डब्यात काढून ठेवा आणि पंधरा तारखेला डबा किती उतरला ते पाहा.

गुरुवारचा उपवास मी मुद्दाम नंतर घेत आहे. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्या लोकांनी उगाच केलेली नाही. तुम्ही ॲपमध्ये साबुदाण्याची खिचडी ‘एक वाटी, २५० कॅलरी’ अशी लिहिली आहे. साठ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या २१०, पंचवीस ग्रॅम दाण्याच्या कुटाच्या १४०, दोन लहान चमचे तुपाच्या ९० आणि अर्ध्या बटाट्याच्या ४० धरल्या, तर घरात प्रत्यक्ष वाढली जाणारी बशी ४८० ची होते, आणि प्रथिने त्यात दाण्यांतून येतील तेवढीच. एवढ्या एका नोंदीतून आठवड्याच्या तीनशेच्या तुटीतले सव्वादोनशे निघून गेले. उपवास सोडा असे मी म्हणणार नाही. तो श्रद्धेचा विषय आहे आणि त्यात ढवळाढवळ करण्याचा मला अधिकार नाही. फक्त गुरुवारी एक वेळ खिचडी, दुसऱ्या वेळी वरी आणि दाण्याची आमटी, दिवसातून दोनदा दूध किंवा दही असे ठेवा, आणि लिहिताना साबुदाणा भिजवण्यापूर्वी मोजून लिहा.

नोंदींत होणारी ही चूक फक्त तुमची नाही. १९९२ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी, ‘आम्ही अगदी कमी खातो तरी वजन उतरत नाही’ असे सांगणाऱ्या लोकांचा प्रत्यक्ष ऊर्जाखर्च मोजला. ती माणसे आपले खाणे सरासरी ४७ टक्क्यांनी कमी आणि श्रम ५१ टक्क्यांनी जास्त सांगत होती. त्यांचा चयापचय मंद नव्हता, आणि ती खोटेही बोलत नव्हती. मोजण्याचे माप चुकत होते. म्हणून पहिले दोन आठवडे स्वयंपाकघरात साधा वजनकाटा ठेवा आणि पोळीची कणीक, तांदूळ, साबुदाणा, शेंगदाणे, फरसाण एवढ्याच गोष्टी मोजा. पालेभाजी, काकडी, टोमॅटो मोजत बसू नका. दोन आठवड्यांनी नजर तयार होते आणि काटा कपाटात जातो. चालण्याने किंवा व्यायामाने खर्च झालेल्या, घड्याळावर दिसणाऱ्या कॅलरी आठवड्याच्या जमेत धरू नका, १.४ च्या गुणकात तुमची रोजची हालचाल आधीच आलेली आहे, आणि घड्याळांचे ते आकडे एवढे भरवशाचे नसतात.

आता समजा, एवढे करूनही एखाद्या शनिवारी हळदीचा कार्यक्रम निघाला आणि त्या दिवशी १६५० ऐवजी २४५० झाले. अशा वेळी रविवारी जेवण वगळू नका. रविवारच्या गोडाच्या १५० सोडून द्या आणि बाकीचे तसेच राहू द्या. त्या आठवड्याची बेरीज ११,१५० झाली तरी ती १२,६०० च्या खालीच आहे, म्हणजे तूट आहेच. एका आठवड्याची बाकी मी पुढच्या आठवड्यात ओढू देत नाही. ज्यांना ओढू दिली, त्यांच्या डोक्यावर महिन्याभरात हजारोंचे कर्ज चढले आणि शेवटी त्यांनी वहीच फेकून दिली.

काही जणांना ही पद्धत मी सांगत नाही, आणि तुम्ही ती मैत्रिणींना सांगणार असाल तर एवढे त्यांना जरूर सांगा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवसागणिक खाणे कमी-जास्त करू नये. गोळीचा डोस तोच आणि ताट निम्मे झाले, तर रक्तातली साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वाढीच्या वयातली मुले-मुली यांचा इथे प्रश्नच येत नाही. आणि ज्यांना पोटाबाहेर, लपून, थांबता न येण्याइतके खाण्याचे झटके येतात व मागाहून अपराधी वाटते, त्यांच्या हाती बचत आणि खर्चाचा हा हिशेब देणे मला गैर वाटते, कारण त्यांचे मन शिल्लक टाकण्याला उपासमारीचे आणि खर्चाला झटक्याचे निमित्त बनवते. अशांना नियमित वेळी, रोज सारखे जेवण आणि मानसोपचारतज्ज्ञांची मदत लागते. ‘दिवस गेलाच’ हे तुमचे वाक्य वाचून मी क्षणभर थबकले होते. पुढच्या महिन्याभरात ठरवलेले २१०० हातात असूनही रविवारी संध्याकाळी थांबता येत नाही असे वारंवार झाले, तर हा हिशेब बंद करून तसे मोकळेपणाने सांगा. त्यात कमीपणा काही नाही.

वजन पाहायचे तेही आठवड्यानेच. रोज सकाळी शौचानंतर, काही खाण्या-पिण्यापूर्वी वजन करा, लिहा आणि विसरा. रविवारी सातांची सरासरी काढा. दोन सरासऱ्यांची तुलनाही पुरेशी नाही, कारण तुमच्या वयात पाळीच्या आधीचे पाच-सात दिवस शरीर पाणी धरून ठेवते आणि उतरलेले पाव किलो त्याखाली सहज झाकले जाते. या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याची तुलना पुढच्या महिन्यातल्या पाळीनंतरच्या आठवड्याशी करा. चार ते पाच आठवड्यांनीही सरासरी खाली आली नसेल, तर १०,५०० चे ९८०० करण्याची घाई करू नका. आधी आठवडाभर स्वयंपाकघरातला काटा पुन्हा काढून नोंदी तपासा. बहुतेक वेळा गळती तिथेच सापडते. नोंदी खऱ्या निघाल्या, तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी आणि मगच आकडा बदलावा.

वजन उतरले की शरीराचा खर्चही उतरतो. तुमच्या बाबतीत प्रत्येक किलोमागे दिवसाला साधारण १४ कॅलरी कमी लागतील. ६३ किलोवर पोहोचाल तेव्हा आठवड्याचा खर्च १२,६०० वरून जवळपास १२,१०० वर आलेला असेल. त्या वेळी नवा हिशेब मांडावा लागेल, आणि तेव्हाही १०,५०० वरच राहायचे झाले तर उतरण्याचा वेग मंदावेल, हे आधीच ठाऊक असलेले बरे. त्या टप्प्यावर मी खाणे आणखी कापण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस वजन उचलण्याचे व्यायाम सुचवते, कारण स्नायू टिकले तर पुढची वाट सोपी जाते.

राहिला सणांचा प्रश्न. गणपतीत कोकणात जाता, आठ-दहा दिवस तिथेच असता, मग आठवड्याचा हिशेब कसा ठेवायचा, असे तुम्ही शेवटी विचारले आहे. त्या दिवसांत तूट धरूच नका. आठवड्याला १२,६०० पर्यंत मोकळीक ठेवा, म्हणजे दिवसाला १८०० ची सरासरी. ज्या दिवशी उकडीचे मोदक असतील, त्या दिवशी एका मोदकाचे वरच्या तुपासकट १५० ते १७५ धरून तीन-चार मोदक खा आणि भाताचा दुसरा वाढा घेऊ नका; ऋषिपंचमीची भाजी असेल त्या दिवशी पोटभर जेवूनही आकडा आपोआप खाली येतो. दिवाळीच्या फराळाच्या आठवड्यालाही हाच नियम लावा. घरी परतलात की वजन दीड-दोन किलो वाढलेले दिसेल. त्यातले बरेचसे पाणी असल्यामुळे चार दिवस काट्यावर उभ्या राहू नका, आणि येणाऱ्या सोमवारपासून पुन्हा १३५० ने सुरुवात करा.